सटवाभाऊंची घोंगडी

पौष शुद्ध सप्तमी, सोमवार. सकाळपासून चिंचोके भाजायचं काम चाललं होतं. घोंगडीच्या उभ्या धाग्यांना जी खळ लागते ती चिंचोक्यांची, आणि ते भाजताना हात थांबवून चालत नाही. करपले तर खळ धरत नाही. मी कढईत उलथणं फिरवत होते तेव्हा युसूफ वडगाव या गावचा एक माणूस अंगणात येऊन उभा राहिला. गंगूचा भाऊ. म्हणाला, "बाई, दाजी गेले. परवाच्या दिशी. थंडीताप आला आन तीन दिसांत आटपलं."

त्याचे दाजी म्हणजे गंगूचा नवरा, सटवाभाऊ सनगर. आमच्या मागांवर त्यांनी वीस-एक वर्षं घोंगड्या विणल्या, आणि त्यांना इथून जाऊन अकरा वर्षं झाली.

"गंगूनं पाठवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"न्हाई. पावन्यांना सांगत हिंडतोय. तुमचं नाव तिनं घेतलं न्हाई, पर गाव वाटंवर हाय, म्हनलं सांगावं."

तो पाणी पिऊन गेला. मी चिंचोके उतरवले. एकही करपला नव्हता, म्हणजे ऐकताना माझा हात थांबला नव्हता. हे काही मी अभिमानानं लिहीत नाही.

सटवाभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्न होऊन या घरी आले त्या आठवड्यात. मागांच्या छपरामागच्या मोकळ्या जागेत चार खुंट्यांना एक घोंगडी ताणून बांधली होती. तिच्याखाली एक माणूस उताणा निजलेला, डोळे उघडे, आणि त्याची बायको वरून घागरीनं पाणी ओतत होती. मला वाटलं, याला उन्हाचं काही झालंय. मी धावत जाऊन विचारलं, "काय झालं यांना?"

"कायबी न्हाई वैनी," तो माणूस निजल्या निजल्याच म्हणाला. "नाकावर थेंब कवा पडतोय ते बघाया लागलोय."

बायको, म्हणजे गंगू, वैतागून म्हणाली, "विहिरीचं पानी आनून आनून माजी कंबर गेली, आन ह्यांचं नाक बघा!"

तेवढ्यात थेंब पडला. सटवाभाऊ उठून बसले, मिशा पुसल्या आणि घोंगडीकडे बघून म्हणाले, "पानी खोटं बोलत न्हाई." हे वाक्य पुढे मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. कुणी त्यांच्या विणकामाची वाहवा केली की ते हेच म्हणत, आणि घागर आणायला सांगत.

आमचं गाव सिरसाळ्यापासून दोन कोसांवर. घरचा धंदा घोंगड्यांचा. धनगरांकडून लोकर घ्यायची, गावातल्या बायकांकडून कातून घ्यायची, आणि आमच्या लांब छपरात खड्ड्याचे चार माग होते त्यांवर विणून बाजाराला न्यायची. घेणारेही बहुतेक धनगरच. त्यांचं पावसाळ्यातलं घर म्हणजे घोंगडी. कोपरा दुमडून डोक्यावर खोळ घ्यायची आणि मेंढरांमागे उभं राहायचं. आमच्याच काय, सगळ्या मुलखातल्या घोंगड्या दोन घटका पाऊस सोसत, मग गळू लागत. कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं. सटवाभाऊंना वाटे.

"वैनी, आसं बघा," ते म्हणत, "लोकर मेंढराच्या आंगावर आसती तवा मेंढरू आतून कोरडं. तीच लोकर मानसाच्या आंगावर आली की मानूस भिजतंय. मंग चूक लोकरीची का मानसाची?" बाकीचे विणकर हसत. एक जण म्हणाला होता, "सटवा, मंग तू आंगावर मेंढरूच घेऊन हिंड की बे!" सटवाभाऊ त्यावर खरोखर विचार करत राहिले, म्हणून सगळे आणखी हसले.

माझे यजमान गेले तेव्हा मी तिशीची होते. वडील गावठी शाळा चालवत, त्यामुळे मला लिहिता-वाचता येत होतं, दीर नव्हते, माग मी चालवायला घेतले. त्याच सुमाराला जालन्याच्या रेल्वेनं गिरणीची कांबळी येऊ लागली. पातळ, मऊ, रंगीत. पावसात कुचकामी, पण थंडीपुरती लोक तीच घेऊ लागले. आपण पूर्वीसारखंच विणत राहिलो तर पाच वर्षांत छपरात शेळ्या बांधाव्या लागतील, हे मला दिसत होतं. म्हणून एका सकाळी मी विणकर आणि कातणाऱ्या बायका, सगळ्यांना अंगणात बसवलं आणि म्हटलं, "ज्याला जे नवं सुचेल ते त्यानं करून बघावं. लोकर मी देईन. साधलं तर सगळ्यांचं. चुकलं तर जिम्मा माझा."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि उठून नेहमीच्या कामाला गेले. मालकानं असं काही बोलायचं असतं, आपण मान डोलवायची असते, हे त्यांना ठाऊक होतं. खरं मानलं ते एकट्या सटवाभाऊंनी.

पहिला प्रयोग बिब्ब्याचा. बिब्ब्याच्या तेलावर पाणी ठरत नाही म्हणून त्यांनी ते खळीत मिसळलं, घोंगडी विणली आणि आधी स्वतः पांघरून पाहिली. दुसऱ्या दिवशी मान, पाठ, दंड, सगळं फोडांनी उतलेलं. गंगू खोबरेल लावता लावता बडबडत होती. मी विचारलं, "पाणी गळलं का?"

"थेंब न्हाई," सटवाभाऊ सुजल्या तोंडानं म्हणाले. "पर आत मानूस बी ऱ्हात न्हाई."

मी हसले आणि ती घोंगडी जाळायला सांगितली. ते म्हणाले, "लोकर वाया गेली, वैनी." मी म्हटलं, "जिम्मा माझा, सांगितलंय ना?" तेव्हा मला ते वाक्य फार सोपं वाटत होतं. एका घोंगडीपुरतं ते सोपंच असतं.

मग दुहेरी वीण झाली. ती इतकी जड झाली की पांघरून मेंढरामागे धावता येईना. पुढे वर्षभर काही नाही. आणि एके दिवशी सटवाभाऊ हातात एक घाणेरडं, विटलेलं फडकं घेऊन माझ्यापुढे आले. वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, दारात पाय पुसायला टाकलेली जुनी घोंगडी होती ती. किती वर्षं चिखलात, पावसात तुडवली गेली असेल कुणास ठाऊक. त्यांनी ती दोन्ही हातांनी ताणून धरली आणि म्हणाले, "पानी वता."

मी तांब्याभर पाणी ओतलं. ते वर तसंच थांबलं, तळ्यासारखं. खाली एक थेंब नाही.

"पाठीवरची गळती, पायाखालची गळत न्हाई," सटवाभाऊ म्हणाले. "कावून? तर तुडवून तुडवून धागा धाग्यात गेलाय. आपुन इनतो आन थांबतो, वैनी. खरं काम इनल्यावर हाय."

त्यांनी एक घोंगडी विणली, रिठ्याच्या ऊन पाण्यात भिजवली आणि दगडी डोणीत घालून दोन दिवस पायांनी तुडवली. वाळल्यावर खुंट्यांना बांधली आणि खाली निजले. गंगूनं अकरा घागरी ओतल्या. अकरावीनंतर ती घागर आपटून म्हणाली, "आता उठा, न्हाईतर मी विहिरीतच उडी टाकते." सटवाभाऊ उठले. नाक कोरडं होतं. गंगूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पदरानं स्वतःचंच तोंड पुसलं.

आता खरी गोष्ट. तुडवल्यावर घोंगडी आकसते. ती पहिली सहा हातांची होती, तुडवून पाच हात आणि वर काही बोटं राहिली. सटवाभाऊ मला म्हणाले, "वैनी, बाजारासाठी ताना सव्वासात हात लावू. आकसून सहावर बसंल."

त्या वर्षी मेंढरांना रोग लागलेला होता. लोकर कमी आली होती. आषाढाआधीचा मोठा बाजार तोंडावर होता आणि मला वीस घोंगड्या न्यायच्या होत्या. सव्वासातचा ताणा, म्हणजे तेवढ्या लांबीचे उभे धागे, लावला तर वीस होत नव्हत्या. मी म्हटलं, "सहाचाच लावा. जरा हलकं तुडवा, म्हणजे आकसायची नाही."

"हलकं तुडवलं तर गळंल."

"मग असं तुडवा की गळायची नाही आणि आकसायचीही नाही."

"तसं न्हाई व्हायचं, वैनी."

"अकरा घागरी अडवल्यात तुम्ही. एवढं नाही का जमायचं?"

ते मागाकडे गेले. मी त्यांचं गप्प राहणं होकार धरलं. मला नवी वस्तू हवी होती, पण जुन्याच लोकरीत. आजही एखाद्याच्या तोंडून असला हिशेब ऐकला की मला तो लगेच ओळखू येतो.

सिरसाळ्याच्या बाजारात धनगरांची खरेदी एका माणसाच्या हातानं होते. त्यांच्यातला वडीलधारा मल्हारी. तो एक घोंगडी उचलतो, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत स्वतःच्या हातानं मोजतो, आणि ती बरोबर सहा हात भरली तर बाकी कुणी मोजत नाही. सगळे घेतात. कमी भरली तर कुणीच घेत नाही, आणि ती घोंगडी काठीला टांगून बाजाराच्या मधोमध उभी करतात. विणणाऱ्यानं बाजार उठेपर्यंत तिच्याखाली बसायचं. तसा दस्तूर. माझ्या माहितीत तोवर दोनदाच घडलं होतं, आणि त्या दोघांना नंतर कुणी मागावर बसवलं नाही.

त्या दिवशी आधी सटवाभाऊंनी पाण्याचा खेळ दाखवला. दोन तरण्या धनगरांनी घोंगडी धरली, सटवाभाऊ खाली निजले, आणि मल्हारीनं स्वतः घागर ओतली. गर्दी जमली. "थेंब न्हाई बे!" "आरं, ही घोंगडी हाय का चामडं?" मल्हारी इतका खूश झाला की पागोटं काढून तोही खाली निजला. मी गाडीजवळ उभी होते. वीस नाही, चाळीस विणायला हव्या होत्या, असं माझ्या मनात आलं.

मग मल्हारी उठला आणि सवयीनं त्यानं हात लावला. एक, दोन, तीन. पाचावर थांबला. वरची बोटं मोजली. पुन्हा पहिल्यापासून मोजली. दुसरी घोंगडी काढली, तीही मोजली.

"बाई," तो म्हणाला, "हात तर माजाच हाय. मंग घोंगडी कुनी खाल्ली?"

कुणी हसलं नाही. "पानी आडवलंत आन माप मारलंत," तो म्हणाला. "नव्याच्या नावाखाली ही बेइमानी? डोस्क्यावर खोळ घेतली तर गुडघे उघडे पडत्यात हिच्यात. बोला, हे कसं झालं?"

सगळी गर्दी माझ्याकडे बघत होती. माझ्या सासऱ्यांच्या काळापासून त्या बाजारात आमची घोंगडी कधी टांगली गेली नव्हती. मी म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं. हे यांनी आपल्या मनानं केलंय."

मी फार विचार करून बोलले असंही नाही. पण बोलून झाल्यावर विचार करायला वेळ होता, आणि मी गप्प राहिले.

मल्हारी वळला. "काय रं सटवा, खरं हाय का?"

सटवाभाऊंच्या अंगावर अजून पाणी होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं. मी पुढे काय बोलते याची ते वाट बघत होते, एवढंच होतं त्यात. मी काही बोलले नाही तेव्हा ते म्हणाले, "वैनी म्हनत्यात तसंच आसंल."

काठी रोवली गेली. घोंगडी टांगली. ते तिच्याखाली मांडी घालून बसले. मी जुन्या पद्धतीच्या चार घोंगड्या बरोबर नेल्या होत्या, त्या मल्हारीनं मोजून घेतल्या. म्हणजे आमचं नाव राहिलं. दिवस उतरायच्या आत मी गाडी जुंपून घरी आले. ते चालत आले असतील.

दुसऱ्या दिवशी ते गंगूला घेऊन निरोप घ्यायला आले. गंगू उंबऱ्यापाशीच थांबली, आत आली नाही. सटवाभाऊ म्हणाले, "वैनी, येक सांगू का? चुकलं तर जिम्मा माझा, आसं पुन्ना कुनाला म्हनू नका. मानसं खरं धरत्यात." टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. एखाद्या मागाची फणी सैल झालीय हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

ते सासुरवाडीला, युसूफ वडगावला गेले. पण माणसाआधी त्याचं नाव पोचतं. 'माप मारणारा सटवा' म्हणून तिथे कुणी माग दिला नाही. ते दुसऱ्यांची मेंढरं राखू लागले, असं कळलं.

मी काय केलं तेही सांगते. दोन वर्षांनी लोकर चांगली आली, तेव्हा मी सव्वासात हातांचा ताणा लावायला सांगितला, डोणीत घोंगड्या तुडवून घेतल्या आणि सिरसाळ्याला नेल्या. मल्हारीनं हात लावला. सहा भरली. धनगर खूश झाले, आणि त्या मालाला 'बाईची घोंगडी' असं नाव पडलं. पुढे केजपासून, धारूरपासून माणसं ती मागत येऊ लागली. चाराचे सात माग झाले. 'बाईची घोंगडी' असं कुणी म्हटलं की मी पहिले काही महिने तोंड उघडायचं ठरवत असे. मग ठरवणंही थांबलं. वडगाव काही लंकेत नाही, दीड दिवसाची वाट. दरवर्षी मी म्हणे, सुगी झाली की जाईन. सुगी होई, आणि मला दुसरं काम सापडे.

मधल्या काळात मी पुन्हा एकदा सगळ्यांना अंगणात बसवलं होतं. म्हटलं, काही सुचत असेल तर सांगा. कुणी तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मला वाटू लागलं, या माणसांना डोकीच नाहीत. हे मी काशीजवळ बोलले. काशी आमच्याकडे कातायला येते, माझ्याच वयाची आहे, तिची जीभ कुणाला भीत नाही. ती चाक न थांबवता म्हणाली, "डोस्की हायत की, बाई. पर काठी बी हाय ना सिरसाळ्याला."

म्हणजे छपरातल्या प्रत्येकाला पहिल्यापासून ठाऊक होतं. ताणा किती लावायचा ते मालकीण सांगते, विणकर नाही, हे कातणाऱ्या पोरीलाही कळतं. मी एकटीच समजत होते की माझी गोष्ट झाकली गेली आहे. काशीचं हे बोलणं ऐकूनही मी चार वर्षं काढली.

गंगूचा भाऊ येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सिरसाळ्याचा बाजार होता. मी सकाळीच गाडी जुंपायला लावली, माल न भरता. मल्हारी आता म्हातारा झालाय, पण बसायची जागा तीच. आजूबाजूला त्याची दहा-बारा माणसं होती. मी उभ्यानंच सांगितलं. सव्वासातचा ताणा सटवाभाऊंनी मागितला होता, सहाचा मी लावायला लावला, बाजारात मी खोटं बोलले, आणि ज्याला तुम्ही बाईची घोंगडी म्हणता ती त्यांची आहे. ते शनिवारी वारले.

मल्हारीनं अंगावरची घोंगडी जरा सावरली. हातातल्या काठीच्या टोकानं त्यानं माती उकरली.

"काठी मी रवली हुती," तो म्हणाला. "इचारलं बी येकदाच. माजं मला बघाया पायजे." मग म्हणाला, "आमी सांगू सगळ्यांला. पर नऊ वरसं बाईची घोंगडी म्हनलो, बाई. जिभंला वळन लागलंय. सुटंल का न्हाई, काय सांगावं."

"माझ्या बाजूनं सांगायचं ते सांगितलं," मी म्हणाले.

"गंगूला सांगितलं का?"

"तिला ठाऊक आहे. त्यांनी सांगितलंच असेल."

"ते हायच," मल्हारी म्हणाला. "पर तुमी सांगितलं न्हाई, हे बी तिला ठावं आसंल."

मी गाडीत बसले. गाडीवानानं सवयीनं बैल घराकडे वळवले. मी त्याला थांबवलं आणि वडगावची वाट धरायला सांगितली.